सुभेदारांच्या पेटीची किल्ली

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. पत्नीला नाही, मुलाला नाही. ज्या देवासमोर रोज सकाळी हात जोडतो त्याच्यापुढेही ती कधी शब्दांत मांडली नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुमची माझी ओळख नाही. दुसरे कारण असे की या प्रकरणाच्या जेवढ्या हकिगती आमच्या आळीत फिरतात, त्या सगळ्या चुकीच्या आहेत. चुकीची हकिगत ऐकून गप्प बसणे माझ्या स्वभावात नाही — कोणालाही विचारा. तरी सहा वर्षे बसलो. ते कसे जमले, तेच सांगायचे आहे.

आधी माणसे. आमची आळी बऱ्हाणपुरात नाल्याच्या काठाने खाली उतरत जाते. आळीतले शेवटचे आणि सर्वांत सखल घर सुभेदारांचे. सुभेदार सैन्यातून निवृत्त झाले, ते घर त्यांनी बांधले, आणि पुढे काही वर्षांनी वारले. त्यांचा मुलगा भास्कर, तोही सैन्यात. वर्षातून एकदा-दोनदा रजेवर येणारा. घरी दोघीच असत. सुभेदारांच्या पत्नी वत्सलावहिनी, मांडीचे हाड मोडल्यापासून खाटेवर असलेल्या. आणि भास्करची पत्नी मनीषा, डोईफोडियाच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. सहा वर्षांपूर्वीच्या पुरात ह्या घरात छातीइतके पाणी शिरले. एवढ्यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे.

पुढच्या हकिगतींपैकी एक सत्काराची. पंधरा ऑगस्टला मोहल्ला समितीने मला शाल आणि श्रीफळ दिले. वक्ते म्हणाले की नानांनी स्वतःच्या घराकडे पाहिले नाही, जवानाच्या घराकडे धावले. खोटे आहे. माझे घर उंचावर आहे, त्याच्या पायरीलाही पाणी लागले नव्हते. पाहण्यासारखे तिथे काही नव्हतेच. दुसरी हकिगत आमच्या आळीतल्या एका निवृत्त हेडमास्तरांची. ते म्हणतात, नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि नुसते हुकूम सोडत राहिले. हेही खोटे आहे. त्या घरातला गाळ मी माझ्या हाताने काढला आहे. अकरा दिवस. पुराचा गाळ वाळण्याआधी काढायचा असतो, नाहीतर तो फरशीला सिमेंटसारखा धरतो — हे हेडमास्तरांना ठाऊक आहे का? भिंतींचा ओलावा उतरण्याआधी चुना मारला तर महिन्याभरात पोपडे धरतात, हे त्यांना कोणी सांगितले? कोठीतले गहू फुगून आंबले होते. त्यांच्या वासाने दोन तरुण पोरे बाहेर जाऊन ओकली. ते गहू पाटीत भरून उकिरड्यापर्यंत कोणी नेले? मी नेले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ह्या गुडघ्यांनी नेले. पंचनाम्याला आलेल्या पटवाऱ्याला फ्रिज, गाद्या, शिवणयंत्र एकेक दाखवून लिहायला लावले, तेही मीच. हेडमास्तर त्या दिवशी सर्दी झाली म्हणून घरात होते.

पण मी भलतीकडेच चाललो. गाळाबद्दल मी तासभर बोलू शकतो. गाळाबद्दल बोलणे सोपे आहे.

तिसरी हकिगत सुभेदारांच्या सुनेबद्दल आहे. ती अशी की पाणी येणार हे ठाऊक असून मनीषाने आळस केला, सासऱ्यांची पेटी बुडू दिली, आणि वर खोटे बोलली. ही हकिगत आळीत सर्वांना पाठ आहे. ती मी तयार केलेली आहे.

मी कोण, हे सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. सरकारी नोकरीत माझे काम एकच होते — तापीची पातळी पाहायची आणि नोंदवायची. एकतीस वर्षे मी ते केले. राजघाटाच्या समोर, पात्रात, एक दगडी हत्ती आहे. खात्याची मोजपट्टी वेगळी होती, पण गावाची मोजपट्टी हा हत्ती. पाणी त्याच्या पायाला आहे, पोटाला आहे की पाठीला आहे, यावर लोक आपापले ठरवीत. आमच्या आळीपुरता नियम असा, आणि तो माझ्या निरीक्षणातून आलेला आहे: हत्तीची पाठ उघडी असेल तोवर चिंता नाही. पाठ बुडाली की नदी आमच्या नाल्याचे तोंड दाबते, आणि नाल्याचे पाणी उलटे फिरून मागच्या बाजूने आळीत शिरते. ते समोरून येतच नाही, म्हणून दिसतही नाही. निवृत्तीनंतरही पावसाळ्यात रोज सकाळी मी घाटावर जात असे. परत येताना आळी विचारायची, "नाना, हत्ती कुठवर?" मी सांगायचो, आणि त्यावर घराघरांत सामान वर चढायचे किंवा खाली राहायचे. मोबाईल आले, त्यावर इशारे येऊ लागले, तरी जुनी माणसे मलाच विचारत. एकदा एक पोरगा म्हणाला, "नाना, सब इसमेंच दिसते आता. कशाला पायपीट करता?" मी त्याला म्हणालो, "तुझ्या मोबाईलचे पाय ओले होतात का रे?" सगळे हसले. मला ते उत्तर फार आवडले होते.

पण तेव्हा माझेही पाय ओले होत नव्हते.

पुराच्या त्या वर्षी पावसाळा लागला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी घाटाच्या पायऱ्यांवर घसरलो. पालथा पडलो — धोतर सुटले, काठी पाण्यात गेली. कपडे धुणाऱ्या बायका धावल्या. एका पोरीने बखोटीला धरून उठवले आणि म्हणाली, "बाबा, घरी बसायचं ना. नदी कुठं पळून चालली?" बाकीच्या हसल्या. वाईट मनाने हसल्या नसतील, पण हसल्या. त्यानंतर मी घाटाची पायरी उतरलो नाही. रोजच्या वेळेला छत्री घेऊन निघायचो, वळणावरच्या मारुतीच्या ओवरीत अर्धा तास बसायचो आणि परत यायचो. कोणी विचारले की सांगायचो — पोटापर्यंत आहे, पाठ उघडी आहे. आकाश पाहून, पावसाचा जोर पाहून, आदल्या दिवसाचा अंदाज धरून सांगायचो. माझे अंदाज बहुतेक बरोबर निघत. एकतीस वर्षांचा अभ्यास होता ना! हे मी सबब म्हणून सांगत नाही. उलट सांगतो — जो अंदाज आहे त्याला अंदाज म्हणायला माझी जीभ का वळली नाही? "मी आज गेलो नाही, गुडघा दुखतो," एवढे म्हणायला काय लागत होते? म्हातारा झालो हे आळीला दिसत नव्हते का? दिसत होते. तरीही ते माझ्या तोंडून निघायला नको होते.

आता ती सकाळ.

पाऊस रात्रीपासून धरलेला होता. आळीत चिटपाखरू नव्हते, चहाची टपरीही उघडली नव्हती. मी ओवरीतून परतत होतो. सुभेदारांच्या घराशी आलो तर मनीषा दारात उभी. डोक्यावर पोते घेतलेले, हातात मोबाईल. ती माझीच वाट पाहत होती.

"नाना, मेसेज आलाय, नदी चढून राहिली म्हणे. पेटीतलं सगळं माळ्यावर नेते म्हणते मी. पण आई किल्ली देत नाहीत. म्हणतात, मोबाईल नको सांगू मला, नानांना विचारून ये. नाना म्हणाले तर देते."

पेटी म्हणजे सुभेदारांची सैन्यातली काळी लोखंडी पेटी. दोन बायकांना हलणारी नव्हे. रिकामी करूनच वर नेता आली असती. तिच्यात त्यांचा गणवेश होता, पदके होती, लग्नाचा एकुलता एक फोटो होता, आणि सरहद्दीवरून त्यांनी बायकोला लिहिलेली पत्रे होती — निळ्या शाईतली आंतर्देशीय पत्रे, एक पूर्ण गठ्ठा. वत्सलावहिनींना वाचता येत नव्हते. दर गुरुवारी दुपारी त्या कमरेची किल्ली काढून देत, मनीषा एक पत्र वाचून दाखवी, आणि पेटी पुन्हा बंद होई. एरवी त्या पेटीला कोणी हात लावायचा नाही. हे मला माहीत होते. किल्ली माझ्या एका शब्दावर अडलेली आहे, हेही मला कळत होते. आणि — खरे तेच लिहायचे ठरवले आहे — ते कळून मला बरे वाटले. मोबाईल नको, नाना हवेत. त्या क्षणी मी काय म्हणायला हवे होते? "थांब, पाहून येतो." घाट दहा मिनिटांवर होता. किंवा नुसते "ने वर, काय बिघडते?" — हेही चालले असते. पण तसे म्हटले तर मोबाईल खरा ठरत होता.

मी म्हणालो, "आत्ताच पाहून आलो. पाठ उघडी आहे. सुभेदारांच्या वस्तूंना उगाच हात लावू नकोस."

तिने सुटकेचा निःश्वास सोडला. "तुम्ही सांगितलं म्हणजे झालं," असे म्हणून ती हसून आत गेली.

हत्ती त्या दिवशी पहाटेच पूर्ण बुडालेला होता. पलीकडच्या जैनाबादच्या काठावरून दिसत होता तो नुसता भोवरा, असे मागाहून लोक सांगत. दीड-दोन तासांत नाला उलटला. मागच्या दाराने पाणी आत आले तेव्हा मनीषाने सासूला पाठीवर घेतले आणि शेजारच्यांच्या जिन्यावर नेऊन बसवले. सासूचे वजन तिच्याहून जास्त. परत पेटीसाठी उतरली तोवर पाणी कमरेच्या वर गेले होते; शेजाऱ्यांनी तिला ओढून काढले. पेटी दोन दिवस पाण्यात राहिली.

मी धावलो. त्याचे कारण आता तुमच्या लक्षात आले असेल, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. सत्कारात ज्याला सेवाभाव म्हणाले ती भीती होती. मी त्या घरातून हललो नाही, कारण मी तिथे नसताना ती काय बोलेल, याचा मला भरवसा नव्हता. पण ती काहीच बोलली नाही. अकरा दिवस माझ्याबरोबर गाळ उपसला, मला चहा करून दिला, "नाना, तुम्ही बसा थोडं" म्हणाली. नानांचा अंदाज चुकला, माणसाचा चुकतो, असे तिने मनाशी धरले असावे. पत्रे मीच वाळवली. माझ्या गच्चीवर, पत्नीच्या जुन्या लुगड्यांवर, एकेक उलगडून. शाई सगळी वाहून गेली होती. छापलेला तिरंगी शिक्का तेवढा राहिला होता, आणि कुठे कुठे "सौ." एवढेच अक्षर.

बाराव्या दिवशी भास्कर रजेवर आला. गाडी उशिरा पोहोचलेली, डोळे लाल. घर धुऊन निघाले होते, भिंतींना ओल होती, ओट्यावर आळीतली आठ-दहा माणसे जमली होती, हेडमास्तरही होते. वत्सलावहिनींची खाट बाहेर आणलेली. भास्करने पेटी उघडून पाहिली. कोरे निळे कागद एकेक उलटून पाहिले. मग म्हणाला, "एक पेटी, मनीषा. घरातल्या बाकी सगळ्याला आग लागू दे. एक पेटी तुला सांभाळता आली नाही?"

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाजही चढला नव्हता. "नाना म्हणाले, पाठ उघडी आहे, पेटीला हात नको लावू. इथंच बसलेत ना, विचारा त्यांना."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात संशय नव्हता — हे लक्षात घ्या. साक्षीदार हजर आहे, आता मिटेल, अशा खात्रीने पाहिले.

"नाना?" भास्कर म्हणाला.

सगळे माझ्याकडे पाहत होते. हेडमास्तर तर चष्मा वर करून पाहत होते. मी म्हणालो, "मी म्हणालो होतो, पोरी, वस्तू वर घे."

एवढेच वाक्य. आवाज शांत होता. मी त्यात थोडा खेदही मिसळला होता, जणू सुनेला उघडे पाडताना मलाच वाईट वाटते आहे.

वत्सलावहिनी खाटेवरून म्हणाल्या, "ऐक. मला वाटलंच होतं. दारापर्यंत गेली असेल अन् तशीच परतली असेल. पावसात कोण भिजणार?" मनीषा एकदाच म्हणाली, "नाना..." मी पंचा झटकला आणि उठलो. हेडमास्तर — ज्यांनी आयुष्यात माझे एक वाक्य मान्य केले नाही — ते म्हणाले, "नानांचे कसले चुकते हो नदीच्या बाबतीत?" त्यांचे ते एकमेव प्रमाणपत्र मला त्या दिवशी मिळाले.

आता मला सांगा, पहिले खोटे आणि दुसरे खोटे, यांत फरक आहे की नाही? आहे. पहिले घमेंडीतून निघाले. ते बोलताना काय होणार हे मला ठाऊक नव्हते. दुसरे बोलताना सगळे ठाऊक होते. पेटी पहिल्याने बुडाली, माणूस दुसऱ्याने. पेटी परत येणार नव्हतीच. माणूस त्याच ओट्यावर, त्याच क्षणी, एका वाक्यात परत देता आला असता. मी दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरा ऑगस्टला माझ्या खांद्यावर शाल घातली तेव्हा ती बायकांच्या रांगेत बसली होती; सर्वांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या. तेव्हाही नाही.

भास्करने तिला पुढे कधी काही म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. तो सुटी संपवून गेला. पण आळीने तिचे काय केले ते मी रोज पाहत आलो. नळावर भांडण झाले, दुधाच्या हिशेबावरून बोलाचाली झाली, की कोणी तरी हसून म्हणायचे, "मनीषाचं बोलणं आहे, नानांना विचारून घ्या." हा विनोद अजून चालतो. माझ्या देखत चालतो. मी एकदाही त्याला आक्षेप घेतलेला नाही — मी, जो पंचांगातल्या तिथीवरून भर सभेत भांडतो!

त्या घरात गुरुवार बंद झाले. मनीषाला ती पत्रे पाठ होती. इतकी वर्षे वाचलेली, पाठ होणारच. ती सासूला म्हणाली की कागद गेले तरी मी तोंडाने म्हणून दाखवते, जसेच्या तसे. वत्सलावहिनी म्हणाल्या, "तुझ्या तोंडचं काय खरं मानू?" हे मला माझ्या पत्नीने सांगितले. भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता सांगितले. मग म्हणाली, "त्या सकाळी तुमच्या चपलांना घाटाचा काळा गाळ नव्हता. मीच उचलून आत ठेवल्या होत्या." मी वर्तमानपत्र उघडले. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. ती अजून रोज मला चहा देते; कप ठेवताना कधी कधी क्षणभर थांबते, एवढेच.

तर हेडमास्तरांना, समितीला आणि जो कोणी ही हकिगत सांगत फिरतो त्या प्रत्येकाला माझे म्हणणे एवढेच आहे की तुमचे सगळे चुकले. मनीषा दारापर्यंत आली होती, भिजली होती, तिने विचारले होते. मी सांगितले होते. तिने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता, आणि मी सांगितलेला एकही खरा नव्हता. गुडघ्याचे, त्या हसणाऱ्या बायकांचे, म्हातारपणाचे जे वर लिहिले आहे ते खोडले तरी चालेल. त्याने काही बदलत नाही. क्षमेबद्दल मी लिहिणार नाही. तो शब्द माझ्या हातात नाही, आणि मागण्याचा हक्कही मी ठेवलेला नाही.

एक गोष्ट राहिली.

वत्सलावहिनी गेल्या पौषात वारल्या. दुपारची वेळ होती, भास्कर वाटेत होता, पोहोचणार नव्हता. मला बोलावणे आले म्हणून गेलो. शुद्ध पूर्ण होती. मनीषा उशाशी बसली होती — इतकी वर्षे त्यांचे हगणे-मुतणे काढलेली मनीषा — आणि तिच्या हातात गंगाजळाची वाटी होती, तुळशीचे पान घातलेली. तिने वाटी पुढे केली. वहिनींनी ओठ मिटून घेतले. मान हलवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "नानांच्या हातून. ते कधी खोटं बोलले नाहीत."

खोलीत चार बायका होत्या. वहिनींना ऐकू येत होते. अजून दहा-पंधरा मिनिटे त्यांना ऐकू येत होते.

मनीषाने माझ्याकडे पाहिले नाही. तिने वाटी माझ्यासमोर धरली आणि मी ती घेतली.